ऑटोमॅटिक पिकअप, भरलेला माल आणि घाट: ओव्हरड्राइव्ह कधी बंद ठेवायचा?

पसरणीचा_पायथा (वाई)

सहा गिअरचा ऑटोमॅटिक डिझेल पिकअप आहे, टायर २६५/६५ आर१७. सीझनमध्ये भिलारहून स्ट्रॉबेरीचे क्रेट घेऊन पसरणी घाटाने वाई, तिथून सुरूरमार्गे हायवे आणि पुणे. येताना खताच्या गोण्या, पनेट (स्ट्रॉबेरी भरायच्या छोट्या प्लास्टिक डब्या), खोकी. एकूण वजन आरसी बुकावरच्या मर्यादेत, पण मर्यादेला टेकलेलं.

पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला ताशी ६० च्या आसपास गाडी सारखी गिअर बदलत राहते. आरपीएम ११०० वरून १६०० वर, अर्ध्या मिनिटात परत ११०० वर, परत १६००. स्टँडवरची मंडळी म्हणतात, "घाटात ओव्हरड्राइव्ह टाक, ओढ वाढेल." काहीजण नेमकं उलट सांगतात. गाडीत ओडीचं (ओव्हरड्राइव्हचं) बटण नाही, लिव्हर नेहमीच्या डीवरून एसमध्ये (हाताने गिअर ठरवायच्या जागी) घेता येतो आणि अधिक-उणे करता येतं.

दुसरं म्हणजे पसरणी उतरताना डीमध्ये गाडी धावत सुटते, ब्रेकवर पाय ठेवूनच यावं लागतं आणि वाईत पोचेपर्यंत चाकांना वास येतो. गिअर ऑइल "लाइफटाइम" आहे, बदलायचं नाही, असं विकताना सांगितलं होतं. ते कितपत खरं? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं ही विनंती.

घाटमाथा_सातारा

ओव्हरड्राइव्हने ओढ वाढत नाही, कमी होते. गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त फिरू लागला की तो गिअर ओव्हरड्राइव्ह. रेशोचा आकडा (बाहेरच्या शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे) १ च्या खाली असला की समजायचं.

आपल्याकडे मिळणाऱ्या टोयोटा हायलक्स २.८ ऑटोमॅटिकचे रेशो उदाहरणाला घेतो: पहिला ३.६००, दुसरा २.०९०, तिसरा १.४८८, चौथा १.०००, पाचवा ०.६८७, सहावा ०.५८०. मागचं क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली गिअरजोडी) ३.९०९. म्हणजे पाचवा आणि सहावा, दोन्ही ओव्हरड्राइव्ह. इंजिनने ५०० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवायचा जोर) दिला तर चौथ्यातून ५०० च बाहेर पडतो, पाचव्यातून साधारण ३४३ आणि सहाव्यातून २९०. मागे क्राउन-पिनियन त्याला ३.९०९ ने गुणतं, पण ते सगळ्याच गिअरना सारखं. ज्याने पहिल्यात ३.६ पट दिलं तोच गिअरबॉक्स सहाव्यात जवळपास निम्मं काढून घेतो. बदल्यात इंजिन सावकाश फिरतं, डिझेल आणि आवाज वाचतो. सपाट रस्ता आणि हलकी गाडी, एवढ्यासाठीच ते गिअर आहेत.

तुमच्या मापाचा टायर भाराने जरा दबलेला धरून एका फेऱ्यात साधारण २.३८ मीटर जातो. ताशी ८० ला चाक मिनिटाला ५६० वेळा फिरतं. त्या वेगाला चौथ्यात इंजिन २१९०, पाचव्यात १५०५, सहाव्यात १२७० आरपीएमवर येतं. आता या इंजिनचा पूर्ण टॉर्क १६०० ते २८०० या पट्ट्यात आहे. सहावा गिअर त्या पट्ट्याला टेकतो ताशी १०० ला, तेव्हा आरपीएम होतात १५८८. म्हणून भरल्या गाडीने ८० ने जायचं असेल तर सहावा धरून ठेवण्यात अर्थ नाही, सपाटीलासुद्धा पाचवा बरा.

तुमचा ६० चा चढ बघू. एकूण वजन ३ टन आणि चढ ७ टक्के धरला तर वजन वर खेचायला सुमारे २०६० न्यूटन, टायरच्या घर्षणाला ३५०, हवेला २०० च्या पुढे. मिळून २६३० च्या घरात. चाकाची त्रिज्या ०.३८ मीटर, म्हणजे चाकांवर १००० न्यूटन-मीटर लागतात, जॉइंट शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलला जाणारा) २५६.

पाचव्यात तेवढं द्यायला इंजिनला ३७२ न्यूटन-मीटर काढावे लागतील आणि तेही ११२८ आरपीएमला. तिथे टर्बो अजून नीट भरलेला नसतो, इतकं त्याला जमत नाही. चौथ्यात हेच काम २५६ मध्ये, १६४० आरपीएमला होतं. ते त्याला सहज झेपतं, उलट वर पुष्कळ शिल्लक राहतं. आणि ते शिल्लक राहतं म्हणूनच पाय जरा सैल पडतो, कॉम्प्युटरला वाटतं चढ संपला, तो परत पाचवा टाकतो, पाचव्यात दम लागतो की पुन्हा चौथा. तुम्ही सांगितलेले ११०० आणि १६०० हे आकडे बरोबर याच दोन गिअरचे आहेत. गाडीत बिघाड नाही.

उपाय: चढ सुरू व्हायच्या आधी, खंडाळा (साताऱ्यातलं, लोणावळ्याजवळचं नव्हे) मागे पडलं की लिव्हर एसमध्ये घेऊन ४ लावा. समोर कंटेनर रांगेत लागले आणि वेग ४० वर आला तर ३. तिसऱ्यात ४० ला इंजिन १६३० वर असतं, दुसऱ्यात २२९० वर. डिझेल फार जाळेल ही भीती सोडा. चढावर डिझेल जातं ते मुख्यतः वजन वर न्यायला, त्यात गिअर खाली ठेवल्याने पडणारी भर किरकोळ असते. घाट संपून वेळे गावाकडे उतार लागला की मग डी.

एक मात्र मॅन्युअलमध्ये बघून घ्या. काही गाड्यांत एस४ म्हणजे "चौथ्याच्या वर जाऊ नको, खाली लागेल तसं जा". काहींत एम४ म्हणजे "चौथ्यातच राहा". पहिल्या प्रकारात निर्धास्त राहता येतं, दुसऱ्यात वेग पडला की खालचा गिअर तुम्हालाच टाकावा लागतो.

गिअरबॉक्स_कराड

वरचा हिशोब चोख आहे. आत काय होतं ते सांगतो, म्हणजे ही सारखी अदलाबदल का थांबवायची ते कळेल.

ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअलसारखे सरकणारे गिअर नसतात. मधोमध सन गिअर, त्याभोवती कॅरिअरवर बसवलेले प्लॅनेट गिअर, बाहेर रिंग. तिघांपैकी एकाला फिरवायचं, एकाला अडवायचं, तिसऱ्यातून काम घ्यायचं. सनला ३६ दाते आणि रिंगला ७२ धरा. रिंग अडवून सन फिरवला तर कॅरिअरवर ३ चा रेशो मिळतो. कोणतेही दोन एकमेकांना बांधले की सगळा संच एकत्र फिरतो, १ चा रेशो. कॅरिअर अडवला तर रिंग उलटी फिरते, २ चा रिव्हर्स. आणि सन अडवून कॅरिअर फिरवला की रिंग त्याच्या दीडपट फिरते, म्हणजे ०.६६७, हाच ओव्हरड्राइव्ह. सहा गिअरच्या डब्यात असे संच एकाला एक जोडलेले असतात आणि कोणाला अडवायचं, कोणाला बांधायचं हे काम तेलात बुडालेले क्लच पॅक करतात.

प्रत्येक गिअर बदलताना एक क्लच पॅक सुटतो आणि दुसरा धरतो. त्या क्षणभरात प्लेटा घसरतात, आणि घसरणं म्हणजे उष्णता. सपाटीला हे दहा-पंधरा मिनिटांत एकदा होतं, त्याचं काही नाही. चढावर पूर्ण भाराखाली मिनिटाला चार-पाच वेळा व्हायला लागलं की तेलाला थंड व्हायला उसंत मिळत नाही.

शिवाय टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग. सुटताना तो इंजिनचा टॉर्क जवळपास दुप्पट करून देतो, पण तेव्हा आतल्या दोन पंख्यांच्या वेगात मोठा फरक असतो आणि तो फरक तेल तापवण्यात जातो. वेग धरला की लॉक-अप क्लच दोघांना जोडतो, घसरण संपते. ओव्हरड्राइव्हमध्ये गाडी दमली की कॉम्प्युटर बहुधा गिअर बदलायच्या आधी लॉक-अप सोडतो. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला गाडी पाचव्यात शांत चाललेली दिसते, आणि आत तेल उकळायला लागलेलं असतं. चौथ्यात लॉक-अप घट्ट धरलेला राहतो. खालचा गिअर लावायला मी सांगतो ते मुख्यतः या कारणासाठी, ओढीचा प्रश्न त्यानंतर.

अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपवाल्यांची हीच अडचण, फक्त वजन कितीतरी पट. जुन्या चार गिअरच्या डब्यांत, उदाहरणार्थ ४एल८०ई मध्ये, २.४८, १.४८, १.०० आणि ०.७५ असे रेशो होते. शेवटचा एकच गिअर ओव्हरड्राइव्ह, म्हणून ट्रेलर मागे असला की ओडी बंद ठेवायचा हा नियमच पडला. फोर्डच्या ६आर१४० मध्ये ३.९७, २.३२, १.५२, १.१५, ०.८६, ०.६७ आहेत. यात नेमका १ चा गिअरच नाही. १.१५ आणि ०.८६ शेजारी-शेजारी असल्यामुळे ओव्हरड्राइव्हमधून एक पायरी उतरलं तरी इंजिनला फार मोठा धक्का बसत नाही. आपल्या उदाहरणात १.००० वरून थेट ०.६८७ आहे, तिथे आरपीएम जवळपास एक तृतीयांशाने कोसळतात. तुमच्या गाडीची अडचण या दोन गिअरच्या मधल्या खड्ड्यात आहे. त्या गाड्यांना क्राउन-पिनियनही गिऱ्हाइकाच्या कामाप्रमाणे ३.३१ पासून ४.३० पर्यंत निवडता येतं. आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून चालवणाऱ्यानेच गिअरवर मर्यादा घालायची.

घाटात ट्रॅफिक तुंबला तर दोन गोष्टी पाळा. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेकवर थांबा. कन्व्हर्टर अडकवून ठेवून रेस दिली की काही सेकंदांत आतलं तेल भयंकर तापतं. आणि पुढे अंतर पडू द्या, मग एस१ किंवा एस२ मध्ये एकदम जा, इंच-इंच सरकत राहू नका. ट्रान्समिशनचा तापमान दिवा लागलाच तर बाजूला घ्या, हँडब्रेक लावा, लिव्हर पीमध्ये टाका, पण इंजिन बंद करू नका. तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद केलं की कूलरमधून तेल फिरायचं थांबतं आणि कन्व्हर्टरमधलं गरम तेल तिथेच बसून राहतं. आरपीएम १०००-१२०० ठेवून दिवा विझेपर्यंत थांबा.

पसरणीचा_पायथा (वाई)

चढाचं पक्कं समजलं, दोघांचे आभार. म्हणजे स्टँडवरची मंडळी "ओव्हरड्राइव्ह टाक" म्हणतात तेव्हा त्यांना बहुतेक "ओडी ऑफ" चा दिवा लागलेला अभिप्रेत असावा. आता उताराचं कोणी सांगेल का? पाचगणीहून निघताना कोणता गिअर लावायचा?

घाटमाथा_सातारा

बरोबर पकडलंत. जुन्या गाड्यांत बटण दाबलं की "ओडी ऑफ" लिहिलेला दिवा लागायचा, आणि दिवा लागला म्हणजे ओव्हरड्राइव्ह चालू झाला अशी समजूत अनेकांची झाली.

उतार. पाचगणी जवळपास १३०० मीटरवर, वाई ७०० च्या आसपास. तीन टनांची गाडी ६०० मीटर खाली आणायची म्हणजे १७.६ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची, विजेच्या भाषेत जवळपास ५ युनिट. टायरचं घर्षण बारा किलोमीटरमध्ये त्यातली ४ मेगाज्यूल खातं. उरलेली १३ एकतर इंजिनने घ्यायची, नाहीतर ब्रेकने. डीमध्ये पाचवा-चौथा पडलेला असला की इंजिन जेमतेम हजारावर असतं, त्याची पकड नसल्यातच जमा. सगळा भार ब्रेकवर. वास येतो तो पॅड आणि लायनरमधल्या रेझिनचा.

पसरणीला ३०-३५ च्या वेगाला दुसरा गिअर लावा. ३५ ला दुसऱ्यात इंजिन २००० वर फिरतं. वळणं संपून थोडा सरळ उतार मिळाला तर तिसरा, ५० ला २०३५ आरपीएम. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी हवा अडवली जात नाही, त्यामुळे त्याची पकड मुळात बेताची. ती मिळवायची तर आरपीएम २००० ते ३००० मध्ये ठेवावे लागतात. आवाज ऐकून घाबरून वरचा गिअर टाकू नका, उतारावर इंजिनमध्ये डिझेल जवळजवळ जातच नाही आणि ३००० आरपीएम त्याला जड नाहीत. लाल पट्ट्यापासून लांब राहिलं की झालं.

गिअर उतार सुरू व्हायच्या आधी लावायचा. वेग वाढल्यावर उणे दाबलंत आणि त्या गिअरला आरपीएम फार होणार असतील, तर कॉम्प्युटर नकार देतो, फक्त बीप वाजते. मग आधी ब्रेकने वेग पाडा, नंतर उणे.

ब्रेक हलका धरून ठेवण्यापेक्षा ४० झाला की ठामपणे ३० वर आणा आणि पाय पूर्ण काढा. मधल्या वेळात डिस्कला वारा मिळतो. ब्रेक ऑइलही बघा. डॉट ३ ग्रेडचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश, पाणी शोषलेलं असलं की किमान १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. महाबळेश्वरच्या पावसाळ्यात चालणाऱ्या गाडीचं ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदललंच पाहिजे. पायाखाली पेडल मऊ लागलं तर पुढचं वळण घेऊ नका, थांबा.

न्यूट्रल करून उतरणं तर पूर्ण वर्ज्य. पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर इंग्रजी एसच्या आकाराची जी वळणं आहेत, तिथेही बोगद्यातच एस३ किंवा एस४ लावून बाहेर पडा.

तासगाव_डिझेल

राहिला तेलाचा प्रश्न. "लाइफटाइम" हा शब्द हलक्या, सपाटीवरच्या वापराला धरून आहे. बहुतेक मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर अवघड वापराचा वेगळा तक्ता असतो: भार, घाट, धूळ, ट्रेलर. तुमचा वापर त्यात शंभर टक्के बसतो. ढोबळ हिशोब असा की तेल ८०-९५ अंशांत राहिलं तर खूप टिकतं, आणि त्यावर दर दहा-अकरा अंशांना आयुष्य निम्मं होतं. १२० च्या पुढे व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाला वाट देणाऱ्या भागात) राळ धरायला लागते, सोलेनॉइड (विजेवर चालणारे तिथले व्हॉल्व्ह) चिकटतात. घाटातल्या भरल्या गाडीचं तेल मी ६०,००० किलोमीटरच्या पुढे जाऊ देणार नाही.

बदलताना काय चुकतं ते लिहितो.

आधी वरचा भरायचा बोल्ट सैल करून बघायचा, मगच खालचा. उलट केलं आणि वरचा गंजून अडकला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागतं. खालून निघतं साधारण ३ ते ४ लिटर, कारण बाकीचं कन्व्हर्टर, कूलर आणि नळ्यांत असतं. एकूण १० लिटर आणि निघालं साडेतीन, तर एका वेळेला ३५ टक्केच नवं होतं. मध्ये काही दिवस गाडी चालवून तीनदा केलं की जुनं २७ टक्क्यांवर येतं. सगळं एकदम मशिनच्या दाबाने बदला असं कोणी म्हणालं आणि तेल लाखभर किलोमीटर कधीच बदललेलं नसेल, तर मी तीन टप्प्यांचाच रस्ता धरीन.

चेंबर (गिअरबॉक्सखालचं तेलाचं भांडं) उतरवला तर आतल्या चुंबकांवर करडी बारीक पेस्ट दिसेल, ती नेहमीची. चकाकणारे कीस किंवा तुकडे दिसले तर तिथेच थांबून पुढचा विचार करा. काळं तेल आणि जळका वास म्हणजे क्लच प्लेटा भाजल्यात. तेल दुधाळ गुलाबी झालं असेल तर कूलर आतून फुटून कूलंट मिसळलंय. मग गाडी एक किलोमीटरही चालवू नका, क्लचचं फ्रिक्शन मटेरियल पाण्याने सुटतं.

डिपस्टिक नसते, पातळी ओव्हरफ्लो बोल्टने बघतात. गाडी चारही बाजूंनी सपाट, इंजिन चालू, लिव्हर पी ते डी सगळीकडे एकेकदा फिरवून परत पीमध्ये, आणि तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला आलेलं हवं. तेव्हा बोल्ट काढला की बारीक धार थेंबांवर यायला हवी. गरम तेल फुगतं, त्यामुळे घाटातून आल्या-आल्या पातळी बघितली की तेल कमीच भरलं जातं, आणि कमी तेल म्हणजे पंप हवा ओढतो, गिअर घसरतात. ग्रेड कंपनीने सांगितलेलाच. "सगळ्याला चालतं" असलं तेल लॉक-अपच्या थरथरीला आमंत्रण.

आणि रेडिएटर! उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावरचं पाचट आणि भुसा एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत जाऊन बसतो. ट्रान्समिशनचं तेलही तिथल्याच थंडाव्यावर अवलंबून. इंजिनच्या बाजूकडून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. सर्व्हिसिंगवाल्याचा जोराचा फवारा जवळून मारला तर पंख आडवे होतात, मग हवा कायमची अडते.

मिरज_४बाय४

एक भर. ५०-७० च्या वेगाला खडबडीत पट्टीवरून गेल्यासारखी थरथर जाणवली तर ती इंजिनची की लॉक-अपची, हे असं ओळखा: मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर स्थिर ठेवून डाव्या पायाने ब्रेकचा फक्त दिवा लागेल इतका हलका स्पर्श करा. ब्रेकच्या स्विचवर लॉक-अप सुटतो. आरपीएम थोडे चढून थरथर थांबली तर लॉक-अप, तेलापासून तपासणी सुरू करा. तरी चालूच राहिली तर इंजेक्टर, माउंटिंग, जॉइंट शाफ्ट यांच्याकडे वळा.

आणि टायर मोठे करायचा मोह असेल तर २८५/७० आर१७ चा व्यास तुमच्यापेक्षा ७ टक्के जास्त आहे. ३.९०९ चं क्राउन-पिनियन ३.६५ असल्यासारखं वागतं. चौथ्यात ६० ला १६४० ऐवजी १५३५ आरपीएम मिळतील, म्हणजे पूर्ण टॉर्कच्या पट्ट्याबाहेर. मीटर ८० दाखवत असताना गाडी ८५ च्या पुढे असेल. माल वाहणाऱ्या गाडीला तो उद्योग नको.

पसरणीचा_पायथा (वाई)

टायर आहेत तेच ठेवतो. शेवटचं: भिलारला क्रेट भरताना गाडी उतारावर उभी असते. नंतर पीमधून लिव्हर काढताना "खट्ट" असा मोठा आवाज येतो. ते धोक्याचं आहे का?

गिअरबॉक्स_कराड

पीमध्ये फक्त एक छोटा लोखंडी खटका आउटपुट शाफ्टच्या दातेरी चाकात अडकतो. तुम्ही थेट पी टाकून पाय काढता, तेव्हा सगळी गाडी त्या खटक्यावर लटकते, आणि वर क्रेट चढत जातात तसा ताण वाढतो. क्रम असा ठेवा: ब्रेक दाबून थांबा, लिव्हर एनमध्ये, हँडब्रेक पूर्ण ओढा, ब्रेकवरचा पाय हळू सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, मग परत ब्रेक दाबून पी. निघताना ब्रेक दाबून आधी डी, मग हँडब्रेक. आवाज बंद होईल. हँडब्रेकवर भरली गाडी सरकत असेल तर मागच्या ड्रमची ॲडजस्टमेंट करून घ्या, आणि तोवर चाकाला उटी (अडकवायचा ठोकळा) लावल्याशिवाय क्रेट चढवू नका.